वैद्यराज जीवक

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या उज्जयिनीत एक वैद्य आला आणि राजाला औषध पाजून लगोलग पळून गेला. त्याचे नाव जीवक कौमारभृत्य. पाली विनयपिटकाच्या महावग्गात त्याचे चरित्र आले आहे. त्यात इतिहास व आख्यायिका मिसळून गेल्या आहेत.

जीवक हा राजगृहातील सालवती गणिकेचा मुलगा. जन्मताच त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आले. राजपुत्र अभय याने मूल जिवंत असल्याचे कळताच ते वाड्यात आणवून वाढविले. म्हणून नाव जीवक. विद्येवाचून राजकुलात निभाव लागणार नाही, हे जाणून तो तक्षशिलेस गेला. सात वर्षे झाली, तरी विद्येचा अंत दिसेना. तेव्हा गुरूने त्याच्या हाती कुदळ दिली आणि नगराभोवतीच्या एका योजनाच्या टापूत औषधी नाही अशी वनस्पती शोधून आणावयास सांगितले. जीवक सारे रान पालथे घालून रित्या हाताने परतला. गुरूने त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे जाहीर केले.

ही परीक्षा आम्हांस मोठी मार्मिक वाटते, कारण तीत एकेका झुडपापुढे थांबावे लागते. आजचे शास्त्रज्ञ असाच शोध पेप्टाइडांत घेतात. प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची घडतात, त्यांतून पाच-पाच मणी ओवले तरी ३२ लाख निरनिराळ्या माळा होतात. असा संग्रह रोगाशी संबंधित प्रथिनापुढे ठेवायचा. चिकटतील त्या माळा राखायच्या, बाकीच्या धुऊन टाकायच्या. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ साली विषाणूच्या कवचावर पेप्टाइड वसवून दाखविले व हे काम सुकर झाले. २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. जीवकाला निरुपयोगी असे एकही झाड सापडले नाही. येथे मात्र लाखांतून कामाच्या मोजक्याच माळा हाती लागतात.

अवंतीचा राजा चंडप्रद्योत पांडुरोगाने आजारी पडला, तेव्हा मगधाच्या बिंबिसाराने जीवकाला उज्जयिनीस धाडले. उपाय होता तुपाचा, आणि राजाला तुपाचा विलक्षण तिटकारा! (आज काविळीच्या रुग्णाने हा प्रयोग करू नये.) जीवकाने अनेक औषधींसह तूप असे शिजविले की रंग, वास व चव काढ्याचीच यावी. परंतु ढेकर येताच कपट उघडे पडणार आणि हा कोपिष्ट राजा प्राण घेणार, हे त्याला ठाऊक होते. म्हणून मुळ्या खणण्याच्या निमित्ताने त्याने वाहने व वेशी हव्या त्या वेळी मोकळ्या ठेवण्याची आज्ञा आधीच मिळविली. औषध पाजले आणि भद्रवती हत्तिणीवर बसून तो निसटला.

राजाने काक नावाचा चपळ दास पाठीमागे पाठविला. वैद्याच्या हातचे काही घेऊ नको, असे बजावूनही. कौशांबीस जीवक न्याहारी करीत बसला होता. त्याने नखातील औषध लावून अर्धा आवळा काकाला दिला, उरलेला स्वतः खाल्ला. काकाला तेथेच जुलाब सुरू झाले. राजा व तो दोघेही बरे होतील असा धीर देऊन, हत्तीण त्याच्या स्वाधीन करून जीवक राजगृहास गेला.

राजा खरोखरच बरा झाला. त्याने जीवकाला बोलावणे धाडले, पण तो गेला नाही. मग राजाने शिवी देशाचे अत्युत्तम वस्त्रयुगुल पाठविले. जीवकाने ते स्वतः न वापरता भगवान बुद्धांना अर्पण केले.