एका शपथेपायी जीव दिला, पण सचिवपद पुढची अडीचशे वर्षं घराण्यात राहिलं : भोरच्या पंतसचिवांची गोष्ट

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा ओलांडली की शिरवळ लागतं. तिथून पश्चिमेला रस्ता फुटतो तो भोरला जातो. भोरचा राजवाडा आपण सिनेमात अनेकदा पाहिलाय. पण हा वाडा ज्या घराण्याचा, त्याच्या मूळपुरुषाची गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते.

त्यांचं नाव शंकराजी नारायण गांडेकर.

१६८९ साली संभाजीराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली. औरंगजेब महाराष्ट्रात ठाण मांडून बसलेला. अशा वेळी इथला कारभार सांभाळला तो रामचंद्रपंत अमात्यांनी, आणि त्यांच्या जोडीला होते शंकराजी. मावळ्यांची जमवाजमव करून त्यांनी राजगडासारखे किल्ले परत मिळवले. याचं बक्षीस म्हणून त्यांना सचिवपद मिळालं, सोबत भोरच्या आसपासचा मुलूख. १६९७ हे भोर संस्थानाच्या स्थापनेचं वर्ष मानतात.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शिवरायांच्या काळात अष्टप्रधानांची पदं वंशपरंपरागत नव्हती. काम करेल त्याला पद, आणि पगार रोख. पण राजाराम महाराजांच्या काळात खजिना रिकामा होता. माणसं टिकवायची तर वतनं देणं भाग होतं. त्यातूनच पद आणि जमीन बापाकडून मुलाकडे जायला लागली.

१७०० साली राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावानं राज्य हाती घेतलं. १७०७ मध्ये औरंगजेब मेला आणि मुघलांच्या कैदेतून शाहूराजे सुटून आले. आता गादीचे दावेदार दोन! ताराबाईंनी सरदारांना दूधभातावर हात ठेवून एकनिष्ठेची शपथ घ्यायला लावली. शंकराजींनीही ती घेतली.

पुढं खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळाले. शाहू भोरकडे वळले आणि त्यांनी शंकराजींना बोलावणं धाडलं. एकीकडे दिलेली शपथ, दुसरीकडे संभाजीराजांचा मुलगा. शपथ मोडवेना आणि थोरल्या महाराजांच्या नातवावर शस्त्रही धरवेना. शंकराजींनी भोरजवळच्या आंबवड्यात स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांची समाधी आजही तिथं आहे.

शाहूंनी या घराण्यावर राग धरला नाही. शंकराजींचा मुलगा नारो शंकर अगदी लहान होता, तरी सचिवपदाची वस्त्रं त्यालाच दिली. पंत गेले, पद घरातच राहिलं.

या नारोपंतांना पुढं दमाजी थोरातानं कैद केलं. बाळाजी विश्वनाथांनी त्यांची सुटका केली. उपकाराची फेड म्हणून सचिवांच्या मातोश्रींनी पुरंदर किल्ला आणि पुणे प्रांतातले आपले हक्क बाळाजींना दिले. पेशव्यांचे पाय पुण्यात रोवले गेले, त्यात सचिवांच्या घराचा असा वाटा आहे.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पंतसचिव मात्र आधी साताऱ्याच्या छत्रपतींचे आणि सातारा खालसा झाल्यावर इंग्रजांचे मांडलिक म्हणून टिकून राहिले. राजगड, तोरण्यापासून घाटाखालच्या सुधागडपर्यंत त्यांचा अंमल होता. अखेर १९४८ साली भोर संस्थान भारतात विलीन झालं.

ज्या पेशव्यांना पुरंदर दिला त्यांची सत्ता जेमतेम शंभर वर्षं चालली. सचिवांचं घर त्यानंतरही एकशेतीस वर्षं राज्य करत होतं. पुढच्या वेळी भोरला गेलात, तर राजवाड्यासमोर फोटो काढून झाल्यावर आंबवड्यालाही जाऊन या. या घराण्यानं मोजलेली किंमत तिथं कळते.