विजेला जमिनीची वाट दाखविणारा मुद्रक

बाभुळगाव परिसरात मृगाचे ढग दाटून आले की पेरणीच्या लगबगीबरोबर विजेची धास्तीही शिवारात उतरते. कोरड्या केसांवरून फिरविलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो आणि ढगातील वीज उभे झाड चिरते. या दोहोंमागे एकच शक्ती आहे, असे प्रतिपादन करून ते पडताळण्याची रीत सुचविणारे बेंजामिन फ्रँकलिन व्यवसायाने मुद्रक होते.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मेणबत्त्या व साबण तयार करणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. मोठ्या कुटुंबात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षांची शाळा आली. बाराव्या वर्षी ते थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागले. १७२३ मध्ये घर सोडून ते फिलाडेल्फियास गेले. तेथे त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १७२९ पासून ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ हे वृत्तपत्र चालविले. चाळिशीत त्यांना विजेच्या प्रयोगांनी झपाटले.

काच घासल्यास एका प्रकारची आणि राळ घासल्यास दुसऱ्या प्रकारची वीज उत्पन्न होते, असे तेव्हा मानले जाई. फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये निराळा विचार मांडला. घर्षणाने वीज नव्याने निर्माण होत नाही, ती एका वस्तूतून दुसरीत जाते. जिच्याकडे ती अधिक झाली ती धन, जिच्याकडे उणी पडली ती ऋण. एकूण बेरीज मात्र बदलत नाही. विद्युतभाराच्या अक्षय्यतेचा हा नियम आजही अबाधित आहे. कोणती बाजू धन मानावी याचा कौल मात्र उलटा पडला. रेशमावर घासलेल्या काचेतून प्रत्यक्षात ऋणभारित इलेक्ट्रॉन रेशमाकडे जातात, हे समजण्यास १८९७ नंतरचा काळ उजाडावा लागला. नावे मात्र तीच राहिली.

टोकदार धातू विद्युतभार सहज खेचून घेतो, हे त्यांनी हेरले होते. त्यांनी सुचविलेल्या रीतीने १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली येथे उंच लोखंडी सळईद्वारे ढगातील विजेच्या ठिणग्या मिळविण्यात आल्या. त्याच वर्षीचा त्यांचा पतंगाचा प्रयोग प्रसिद्धच आहे. पतंगावर वीज कोसळली नव्हती. ढगाखालील भार ओल्या दोरीतून किल्लीपर्यंत उतरला होता. हा खेळ किती जीवघेणा, हे १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे असाच प्रयोग करताना प्राण गमावलेल्या रिखमान यांच्या मृत्यूने दाखवून दिले.

या अभ्यासातून तडितरक्षक साकारला. छपरावरील टोकदार सळई तारेने जमिनीत नेली की वीज इमारतीला न जाळता भूमीत विरते. फ्रँकलिन यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. कृती छापून सर्वांना खुली केली. १७५३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. १७ एप्रिल १७९० रोजी त्यांचे निधन झाले.

तडितरक्षक इमारत वाचवितो, उघड्या शिवारातील माणसाला नाही. विदर्भात आजही शेतात राबणाऱ्यांचे विजेने बळी जातात. गडगडाट ऐकू येताच झाडाचा आसरा टाळून पक्के घर गाठणे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपवरील इशारा पाहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. फ्रँकलिन यांनी ज्ञान फुकट वाटले. ते बांधापर्यंत पोहोचविण्याचे काम अद्याप उरले आहे.