डॉ. भाऊ दाजी लाड : मास्तरकी सोडून डॉक्टरकी

पालकहो, बारावीचा निकाल लागला की आपल्या पिंपळनेरात घरोघरी एकच वाद. मुलाला मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात घालायचं की मेडिकलला? अशा वेळी रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी, आठवावेत.

मूळ गाव गोव्यातलं मांद्रे. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकले, तिथेच शिक्षकही झाले. त्या काळी मोठ्या मानाची जागा! मुंबई विद्यापीठ तर १८५७ साली निघालं. पण १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि भाऊंनी मास्तरकी सोडली, पुन्हा बाकावर जाऊन बसले. या नव्या कॉलेजातून तोवर एकही डॉक्टर बाहेर पडलेला नव्हता, हे लक्षात घ्या. १८५१ मध्ये पहिल्याच तुकडीत ते उत्तीर्ण झाले. गरिबांना फुकट औषध दिलं, कुष्ठरोगावर उपाय शोधत राहिले.

मेडिकलला गेलं की बाकीचं सगळं संपलं, असं आपण पोरांना सांगतो ना? भाऊंचं संस्कृत काही सुटलं नाही. दवाखाना सांभाळून ते जुनी नाणी, ताम्रपट, हस्तलिखितं तपासत. आपल्या खानदेशाला लागूनच असलेल्या अजिंठा लेण्यांतले शिलालेख वाचून त्यांची भाषांतरं छापली, तीही या डॉक्टरांनीच.