हरिपंत फडके

आमच्या बारामती-इंदापूरच्या वाचकांपैकीं अनेकांनीं भीमेच्या तीरावरील सिद्धटेकच्या गणपतीचें दर्शन घेतलें असेल. तेथील नगारखाना हरिपंत फडके ह्यांनीं बांधविला असें सांगतात. त्याच क्षेत्रीं १७९४ सालीं त्यांनीं देह ठेविला. परंतु त्यांच्या एका मोठ्या कामगिरीची आठवण फारच थोड्यांस आहे. ती येथें देण्याचें आम्ही योजिलें आहे.

हरि बल्लाळ फडके थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पदरीं प्रथम कारकून होते. १७७३ सालीं नारायणरावांचा वध झाल्यावर ते बारभाईंच्या पक्षास मिळाले, आणि पुढें नाना फडणविसांचे विश्वासू सेनापति झाले.

१७९० सालीं टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम व इंग्रज एकत्र झाले. परशुरामभाऊ पटवर्धनांनीं धारवाडास वेढा घातला, आणि पुढील वर्षारंभीं हरिपंत पुण्याहून निघाले. धारवाड एप्रिल १७९१ पर्यंत झुंजलें. इकडे मे महिन्यांत लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणासमोर पोंचला. त्यानें लढाई जिंकली खरी. परंतु धान्य संपलें, बैल मेले, रोगराई पसरली. अखेर मोठ्या तोफा स्वतःच फोडून त्यास माघार घ्यावी लागली.

अशा वेळीं मेलकोट्याजवळ घोडेस्वार दिसले. इंग्रजांस ते शत्रूचे वाटले. पण ते मराठे होते! टिपूनें जासूद अडविल्यामुळें हरिपंत व परशुरामभाऊ इतके जवळ आल्याची वार्ताच इंग्रजांस नव्हती. मराठ्यांच्या छावणीचा बाजार धान्यानें भरलेला होता. उपाशी सैन्यास अन्न मिळालें.

मराठे उशिरां आले आणि धान्य महाग विकलें, असा ठपका इंग्रज लेखकांनीं ठेविला आहे. तो अगदींच खोटा नाहीं. तथापि महाग मिळालेल्या धान्यानेंही प्राण वांचतात, आणि त्या धान्यावांचून ती फौज सुखरूप परतणें कठीण होतें.

फेब्रुवारी १७९२ मध्यें श्रीरंगपट्टणास पुन्हा वेढा पडला. टिपूस अर्धें राज्य व तीन कोटि तीस लक्ष रुपये देण्याचें कबूल करावें लागलें. ह्या तहाच्या वाटाघाटींत मराठ्यांच्या बाजूनें हरिपंत होते. कॉर्नवॉलिसास मार्क्विस ही पदवी मिळाली व त्याचें नांव जगभर झालें. धान्याच्या गोणी वाहणाऱ्या लमाणांचीं नांवें तर कोणीं लिहूनही ठेविलीं नाहींत.

अनेकांनीं मिळून केलेल्या कार्याचें श्रेय एकाच्याच पदरीं घालणें हा अन्याय होय. श्रीरंगपट्टणाचा विजय वाचतांना आमच्या विद्यार्थिमित्रांनीं मेलकोट्याच्या बाजाराचेंही स्मरण ठेवावें, एवढीच आमची विनंति आहे.