शहर पायी वाचणारे शिक्षक : सर पॅट्रिक गेडिस

लोकसंख्यावाढ आणि नगररचना हे प्रकरण शिकवावयाचे असले म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांना प्रथम पुस्तक मिटावयास सांगतो आणि विद्यालयाच्या फाटकाबाहेर घेऊन जातो. वस्तीत नळ किती आहेत, रांगेत कोण उभे असते, गटार कोठून निघते व कोठे संपते, कचऱ्याची गाडी कोणत्या गल्लीपर्यंत येऊन मागे फिरते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावयाचे आणि वहीत मांडावयाचे. आधी पाहणे, मग मोजणे आणि त्यानंतरच नकाशा काढणे, असा आमचा क्रम असतो. ही रीत आमची नव्हे. ती ज्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिली, ते सर पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक होते. नगररचनेच्या जगात त्यांचे नाव मोठे असले तरी आपल्या घराघरांत ते पोहोचलेले नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र सांगावे, असे आम्हांस वाटले.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. बालपण पर्थ या गावाजवळच्या टेकडीवरील घरात गेले. घराभोवतीची बाग आणि समोरची दरी हीच त्यांची पहिली शाळा ठरली. पुढे वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरो विद्यापीठात गेले. परंतु तेथील कोरडी शिकवण न रुचल्याने आठवड्याभरातच त्यांनी ते सोडले आणि लंडनला थॉमस हक्स्ले या थोर जीवशास्त्रज्ञाचे शिष्यत्व पत्करले. परीक्षा देऊन मिळणारी पदवी त्यांनी आयुष्यात कधीच मिळवली नाही. पदवी नसलेला हा मनुष्य पुढे दोन देशांत प्राध्यापक झाला, ही गोष्ट गुणपत्रिकेकडे पाहून खचणाऱ्या मुलांना आम्ही आवर्जून सांगतो.

१८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी गेली. अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून पडून राहण्याची वेळ आली. त्या दिवसांत खिडकीच्या तावदानांवर बोटे फिरवताना त्यांना एक युक्ती सुचली. कागदाच्या घड्या घालून चौकोन पाडावेत, प्रत्येक चौकोनात एकेक विचार ठेवावा आणि त्यांचा परस्परसंबंध जुळवावा. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकावर तासन् तास काम करण्याइतकी शक्ती डोळ्यांत उरली नाही. सूक्ष्म जीव पाहणारा अभ्यासक मग माणसांच्या वस्त्या पाहू लागला. घड्या घातलेला कागद मात्र त्यांनी जन्मभर सोडला नाही.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एडिंबरोच्या जुन्या भागातील धनिक तोपर्यंत नव्या वसाहतीत निघून गेले होते आणि त्यांच्या उंच, जुनाट इमारतींत गरिबांची दाटी झाली होती. सुशिक्षित लोक तिकडे फिरकतही नसत. या नवदांपत्याने तेथेच बिऱ्हाड केले. त्यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना दिला, घाण उपसली, रिकाम्या तुकड्यांवर बागा केल्या. १८८७ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत असत. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना याचे मोल वेगळे सांगावयास नको. पुढल्याच वर्षी ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरोतील एक जुनी मनोऱ्याची इमारत घेऊन तिचे शाळेत रूपांतर केले. माथ्यावरील अंधाऱ्या खोलीत भिंगांच्या साह्याने साऱ्या शहराचे हलते चित्र मेजावर उमटे. तेथून एकेक मजला उतरत जावे, तसे आधी आपले शहर, मग आपला देश, मग युरोप आणि शेवटी जग असे शिक्षण मिळे. जवळच्यापासून दूरच्याकडे जाण्याचा हा क्रम आज अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत असतो. गेडिस यांनी तो दगडी जिन्यावर बसवला होता.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलँड यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. जगातील शहरांचे नकाशे, चित्रे व आराखडे यांचे त्यांचे मोठे प्रदर्शन दुसऱ्या जहाजाने येत होते. महायुद्ध सुरू झाले होते. ऑक्टोबरमध्ये एमडेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि अनेक वर्षांचा संग्रह समुद्रतळाशी गेला. मित्रांनी घाईने नवा संग्रह जमवून पाठवला आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरलेच.

त्यानंतरच्या काही वर्षांत गेडिस यांनी भारतातील अनेक शहरे पायी पालथी घातली. तंजावर, मदुराई, लखनौ, लाहोर, ढाका, बडोदे, अहमदाबाद, सुरत आणि आपले ठाणेही त्यांनी पाहिले. १८९६ च्या प्लेगने त्या काळच्या अधिकाऱ्यांना धास्तावून सोडले होते. दाट वस्ती म्हणजे रोग, म्हणून वस्ती पाडा आणि रुंद, सरळ रस्ता काढा, अशी रीत पडली होती. घरे पाडलेली माणसे कोठे जातात, हा प्रश्न नकाशावर उमटत नसे. ती बाजूच्या गल्लीत जात आणि तेथील दाटी दुप्पट करीत. गेडिस यांनी या रीतीला विरोध केला. गल्लीतून हिंडावे, घर न् घर पाहावे, मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढून लहानसा चौक मोकळा करावा, तेथे झाड लावावे, विहीर दुरुस्त करावी, म्हणजे थोड्या खर्चात वस्ती सुधारते आणि माणसे जागची उठत नाहीत, असे त्यांनी तंजावरपासून ठिकठिकाणी दाखवून दिले. शल्यविशारद जसा रोगट भागच काढतो आणि देह राखतो, तशी ही शस्त्रक्रिया होती. डासांच्या भीतीने तळी बुजवू नयेत, त्यांत मासे व बदके सोडावीत, असाही त्यांचा आग्रह असे.

१९१७ हे वर्ष त्यांच्यावर क्रूर ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. पत्नी भारतातच आजाराने अंथरुणाला खिळली होती. तिला धक्का बसू नये म्हणून त्यांनी मुलाच्या मृत्यूची वार्ता तिच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये कलकत्त्यास तिनेही देह ठेवला. गेडिस यांनी काम थांबवले नाही.

याच काळातील इंदूरची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांना फार आवडते. होळकरांच्या या राजधानीत प्लेगचा उपद्रव होता. नकाशा हाती घेऊन गल्लीबोळांतून फिरणाऱ्या दाढीवाल्या साहेबाला पाहून लोक घाबरत. हाच रोग आणतो, असा समज पसरला होता. तेव्हा गेडिस यांनी महाराजांकडून एक दिवसाचे राजेपण मागून घेतले आणि दवंडी पिटवली, की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने निघणार नाही. ज्या भागातील अधिकाधिक घरे झाडून, सारवून, दुरुस्त झालेली असतील, त्या भागातून ती जाईल. मग काय, सारे शहर झाडू घेऊन उठले. घराघरांतून हजारो गाड्या कचरा निघाला.

मिरवणुकीत हत्ती होते, उंट होते, लक्ष्मी होती, रावण होता आणि प्लेगचा प्रचंड उंदीरही होता. त्यांच्या मागून चालले ते शहराचे सफाई कामगार. अंगावर स्वच्छ पांढरी वस्त्रे, गळ्यात हार, झाडूंना फुले, धुऊन रंगवलेल्या गाड्या. एरवी ज्यांची सावली चुकवली जाई, त्यांच्या नायकांना त्या दिवशी राजा झालेल्या माणसाने जाहीर मान दिला. शेवटी उंदराचे दहन झाले आणि प्लेगही ओसरला.

ही हकीकत सांगून आम्ही थोडे थांबतो, कारण वर्गातून प्रश्न येणार हे ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी काय झाले? दुसऱ्या दिवशी तेच झाडू त्याच हातांत होते. गेडिस यांची माणुसकी खरी होती आणि त्या काळात एका गोऱ्या विद्वानाने असे करणे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु कोणते काम कोणाच्या वाट्याला यावे हे जन्मावर ठरवणारी रचना त्या मिरवणुकीनंतरही जागच्या जागी राहिली. त्याच इंदूरपासून जवळ असलेल्या महू येथे १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला होता. १९१६ मध्येच त्यांनी न्यूयॉर्कला जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. ज्या प्रश्नावर मिरवणूक येऊन थांबली, त्याच्या मुळाशी ते आधीच पोहोचले होते.

१९१९ मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या सुमारास बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते. मुंबईची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत ९,७९,४४५ होती. १९२१ मध्ये ती ११,७५,९१४ झाली. हे आकडे फळ्यावर लिहून आम्ही विचारतो, दहा वर्षांत जवळजवळ दोन लाख माणसे वाढली ती कशी? मुले उत्तर देतात, जन्म वाढले. मग आम्ही सांगतो, की तेव्हाच्या मुंबईतील बहुसंख्य माणसे मुंबईबाहेर जन्मलेली होती आणि दर दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. कोकणातून, घाटावरून गिरणीच्या भोंग्यावर आलेली ही माणसे होती. लोकसंख्येचा आकडा एकटा बोलत नाही. त्याला स्थलांतर, जमीन आणि मजुरी यांचे प्रश्न विचारावे लागतात.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये शेतीच्या लहान तुकड्यांवर लिहिताना हाच धागा पकडला होता. जमिनीवरील जादा माणसांना उद्योगांत काम मिळाल्याखेरीज शेती सुधारणार नाही, असे त्यांनी मांडले. प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने परळला बांधलेल्या चाळीत, दोन खोल्यांत, ते स्वतः वर्षानुवर्षे राहिले. शहराची दाटी त्यांनी अहवालात वाचली नव्हती, ती अंगावर सोसली होती. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला, पण लोकसंख्येचा प्रश्न स्त्रीच्या आरोग्याशी व गरिबाच्या संसाराशी जोडला गेला.

गेडिस यांची सर्वांत मोठी शिकवण तीन शब्दांची आहे : स्थळ, काम आणि लोक. कोणतेही गाव समजून घ्यावयाचे तर तेथील जागा, तेथील उद्योग आणि तेथील माणसे यांचा संबंध शोधावा. हे सूत्र उत्तम आहे. मात्र आपल्या देशात ते लावताना आम्ही विद्यार्थ्यांना एक प्रश्न जोडावयास सांगतो : हा संबंध कोणी ठरवला? आपल्या गावांत जन्माने काम ठरले आणि त्या कामाने वेशीबाहेरची जागा ठरली. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शहराची वाट दाखवली ती ही गाठ सुटावी म्हणून. नव्या शहरातही नाल्याकाठची जागा पुन्हा त्याच माणसांच्या वाट्याला येत असेल, तर नकाशा कितीही सुबक असो, तो जुन्या गावाचाच नकाशा होय.

गेडिस १९२४ पर्यंत मुंबईत होते. मुंबई शहरावर निबंध लिहिणाऱ्या गो. स. घुर्ये या तरुणास त्यांनी निवडून विलायतेस धाडले आणि त्यांच्यामागे घुर्ये यांनीच विभाग सांभाळला. १९२५ मध्ये गेडिस यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला. अखेरची वर्षे त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे महाविद्यालय उभारण्यात वेचली. १९३२ च्या आरंभी त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १७ एप्रिल १९३२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

आपल्या विद्यालयाचे अनेक माजी विद्यार्थी आज नगरपालिकांत, बांधकाम खात्यांत, तलाठी कार्यालयांत कामाला आहेत. कित्येक पालक शहरांच्या कडेला घर शोधत आहेत. वस्तीचा नकाशा ज्यांच्या टेबलावर येईल, त्यांनी सही करण्यापूर्वी एकदा त्या वस्तीतून पायी फिरून यावे, एवढीच आमची विनंती. आणि ज्यांचे घर त्या नकाशात आहे, त्यांनी आपली माणसे, आपले नळ, आपली वाट स्वतः मोजून वहीत लिहून ठेवावी. मोजलेली गोष्ट पुसून टाकणे अवघड असते. आमची नववीची मुले हे मोजण्याचे काम शिकत आहेत.