धन्य फ्रान्झ येगरश्टेटर आणि त्यांचे घर



९ ऑगस्ट हा धन्य फ्रान्झ येगरश्टेटर ह्यांच्या मृत्यूचा दिवस. ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड ह्या खेड्यातले ते शेतकरी. त्यांच्या हौतात्म्याविषयी आपण ऐकले असेल. आज आम्ही त्यांच्या घराविषयी थोडे अधिक लिहीत आहोत.

त्यांचा जन्म २० मे १९०७ चा. आई शेतमोलकरीण. गरिबीमुळे आईवडिलांना लग्न करता आले नाही, म्हणून फ्रान्झ आजीकडे वाढले. १९१७ मध्ये आईचे लग्न झाले. सावत्र वडिलांनी त्यांना आपले नाव दिले, पुढे शेतही दिले. तरुणपणी ते काही साधुसंत नव्हते. गावातली पहिली मोटरसायकल त्यांची! लग्नाआधी त्यांना एक मुलगीही झाली होती. संतांच्या चरित्रातून अशा गोष्टी गाळाव्यात असे आम्हांला वाटत नाही.

१९३६ च्या पवित्र गुरुवारी फ्रान्झिस्का ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि नवदांपत्य रोमला जाऊन आले. दोघे मिळून प्रार्थना करू लागले, बायबल वाचू लागले. तीन मुली झाल्या. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्यासाठी मतदान झाले, तेव्हा गावातले एकमेव विरोधी मत फ्रान्झ ह्यांचे होते. नाझी सरकारचा मुलांसाठीचा भत्ताही त्यांनी नाकारला. १९४१ पासून ते गावच्या चर्चमध्ये सॅक्रिस्टनची सेवा करीत.

हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, त्यात शस्त्र धरणे पाप आहे, अशी त्यांची खात्री झाली. नातेवाईक, धर्मगुरू, लिंझचे बिशपसुद्धा त्यांना समजावीत की आधी बायकामुलांचा विचार कर. हा सल्ला टाकाऊ नव्हता. घरात वृद्ध आई, तीन चिमुरड्या मुली आणि शेतीचा सगळा भार. फ्रान्झिस्का ह्यांनीही आधी विनवणी केली. पण सगळेच त्यांच्याशी वाद घालतात, त्यांच्या बाजूने कोणीच नाही, हे पाहून त्या पतीच्या पाठीशी उभ्या राहिल्या. आम्हांला वाटते, ह्या घरातला सर्वांत कठीण निर्णय हाच होता.

मार्च १९४३ मध्ये फ्रान्झ ह्यांनी लष्कराला नकार कळवला. जखमींची शुश्रूषा करायला ते तयार होते, पण ते मान्य झाले नाही. आधी लिंझचा, मग बर्लिनचा तुरुंग. पत्रांतून शेतीची कामे आणि मुलींची खुशाली चाले. बाबा, लवकर या, अशा अर्थाची पाटी धरलेल्या मुलींचा फोटो त्यांना तुरुंगात मिळाला. जुलैमध्ये पतिपत्नींची शेवटची भेट झाली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी ब्रान्डेनबुर्ग येथे त्यांचा शिरच्छेद झाला. वय ३६. धाकटी मुलगी अवघी तीन वर्षांची होती.

गावाने दोष दिला तो फ्रान्झिस्का ह्यांना. त्यांनीच नवऱ्याला फार धार्मिक केले म्हणे! विधवेचे पेन्शनही १९५० पर्यंत मिळाले नाही. त्यांनी शेती चालवली, मुली वाढवल्या. १९४६ मध्ये फ्रान्झ ह्यांची रक्षा गावी आणून चर्चजवळ पुरण्यात आली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी लिंझ येथे त्यांना धन्य घोषित केले गेले, तेव्हा ९४ वर्षांच्या फ्रान्झिस्का मुलींसह हजर होत्या. शंभरी पूर्ण करून १६ मार्च २०१३ रोजी त्या प्रभुघरी गेल्या.