झग्यात अडकलेला नट : बेला लुगोसी

ड्रॅक्युला म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो काळ्या झग्यातला रुबाबदार उमराव. हे रूप पडद्यावर रुजवले बेला लुगोसी या हंगेरियन नटाने. १८८२ साली लुगोश गावी त्याचा जन्म झाला. रंगभूमीसाठी त्याने गावाचेच नाव घेतले. बुडापेस्टच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याने कामे केली. १९१९ च्या क्रांतीत नटांची संघटना उभारण्यात तो पुढे होता. क्रांती फसताच त्याला देश सोडावा लागला.

अमेरिकेत १९२७ मध्ये ब्रॉडवेवर आणि १९३१ मध्ये चित्रपटात तो ड्रॅक्युला झाला. १९२२ च्या जर्मन मूकपटात मॅक्स श्रेकने हाच खलनायक, नाव बदलून, टकला आणि उंदरासारख्या दातांचा रंगवला होता. १९५८ मध्ये ख्रिस्तोफर लीने लालभडक डोळे व सुळे दाखवून त्याला हिंस्र केले. लुगोसीने सुळे दाखवलेच नाहीत. रोखलेली नजर आणि संथ, परके उच्चार एवढ्यावरच त्याने भीती उभी केली. श्रेकला पाहून किळस येते, ली अंगावर धावून येतो. लुगोसी मात्र सभ्य पाहुणा होऊन घरात शिरतो.

पण ज्या उच्चारांनी कीर्ती दिली, त्यांनीच इतर भूमिकांची दारे बंद केली. ली पुढे नाना भूमिकांत वावरला; लुगोसीच्या वाट्याला दुय्यम भयपट आले. दुखण्यावरच्या औषधाचे व्यसन जडले. १९५५ मध्ये तो आपणहून उपचारांसाठी दाखल झाला. १९५६ साली तो वारला, तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरले. नटाने भूमिकेत शिरावे ही आपली अपेक्षा रास्तच. पण त्याची बाहेर येण्याची वाट आपण प्रेक्षकांनीही मोकळी ठेवायला हवी.